बोईसरची मुंडावळ आणि मुरब्याचा तंगूस

मंगलचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते, म्हणून तो आमच्या ह्यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. एरवी मंगल आधी इकडचं तिकडचं बोलते, हवापाणी होतं, मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिनं सरळच विचारलं, "शुभे, चार दिवस मोकळी आहेस का? नवरदेवाची मुंडावळ अडलीय."

मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण, नाशिकचीच. लग्न होऊन बोईसरला गेली आणि तिथलीच झाली. भावजी तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला, आता निवृत्तीला आलेत. मण्यांचं वेड आम्हा दोघींना शिवणाच्या तासाला एकाच बाईंनी लावलं. मी ते वेड घेऊन गावोगाव हिंडले, हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ते ठाऊकच आहे. मंगल मात्र एका जागी बसली आणि तिनं एकच गोष्ट धरली: मुंडावळ्या. तिच्या भागात सांगली, अकोला, जळगाव असं कुठून कुठून नोकरीसाठी आलेले लोक राहतात. त्यातल्या कितीतरी घरच्या लग्नांत नवरा-नवरीच्या कपाळाला मंगलच्या हातचीच जोडी असते. मोबदला म्हणून ती खण आणि नारळ घेते, बास.

आणि आता तिच्याच लेकीचं, ऋचाचं लग्न फाल्गुनात. नवरीची मुंडावळ मंगलनं दिवाळीआधीच पुरी केली होती. नवरदेवाची निम्मी झाली आणि ही बाई गच्चीवर गहू वाळत घालताना पाय घसरून पडली. डाव्या मनगटात स्टीलची पट्टी घालावी लागली. हाड जुळलं, पण बोटं काही मिटेनात. पेला धरता येतो, दोरा धरता येत नाही.

मी म्हटलं, "एवढंच ना? मी येते आणि दोन दिवसांत पुरी करून टाकते, त्यात काय!" फोन ठेवल्यावर हे म्हणाले की तुझा आवाज ऐकून असं वाटलं, तुझंच लग्न ठरलंय. मी दुर्लक्ष केलं.

आता प्रवासाचं सांगते. नाशिकहून पालघरला जायला बरेच जण मुंबईकडून वळसा घालतात. माझं ऐका, एसटीनं त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असं जा. बायकांना अर्धं तिकीट आहे, रस्ता मोखाड्याच्या पुढे बरा आणि मध्ये मध्ये रडका आहे, पण घाट असा की पुस्तक उघडायची गरज पडत नाही. माघ संपत आलेला, पळस पेटलेला, सकाळची गाडी धरलीत तर उन्हाचाही त्रास नाही. उलटीची सवय असेल तर मात्र पुढची जागा पकडा आणि जव्हारपर्यंत वडापावच्या मोहात पडू नका. मी पडले, पण माझं पोट दगडाचं आहे.

जव्हारला माझ्या शेजारी एक वारली बाई येऊन बसली. मांडीवर कोंबडीची टोपली, गळ्यात मण्यांच्या माळांचा जुडगा. माझी नजर कुठे खिळली ते तिला लगेच कळलं. "घ्यायची हाय का?" म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, घ्यायची नाही, बघायची आहे. तिनं एक माळ काढून माझ्या हातात दिली. निळे, पांढरे, लाल बारीक मणी, आणि ओवलेत कशात? मी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं तर सिमेंटच्या गोणीच्या तोंडाची शिवण उसवून काढलेला दोरा. तिचं म्हणणं असं की बाजारचा दोरा घामानं कुजतो, हा कुजत नाही. विक्रमगडला उतरताना माळ मागून घेऊन गळ्यात घालून गेली.

माझ्या घरी एक काचेचं कपाट आहे. त्यात भाच्यानं केनियाहून आणलेली मसाई बायकांची गळपट्टी आहे, ती तारेवर बसवलेली. सौराष्ट्रातलं जुनं मोतीभरत तोरण आहे, ते सुती दोऱ्यात. नागा बायकांची माळ आहे, तिच्यात झाडाच्या सालीचा धागा. अमेरिकेतले मूळ रहिवासी जनावराच्या स्नायूच्या धाग्यानं चामड्यावर मणी शिवायचे, ते मी फक्त संग्रहालयात पाहिलं. लोक माझ्याकडे येतात आणि मण्यांकडे बघतात. मणी तर जगभर बाजारातूनच आला, कुठल्या कुठल्या देशातून व्यापाऱ्यांनी पोत्यांनी आणला. दोरा मात्र जिथला तिथला असतो. हे मी पुष्कळ ठिकाणी भाषणासारखं सांगत असते, आणि मंगलच्या घरी जाऊनही सांगणारच होते.

पालघरला उतरले तेव्हा दुपार झाली होती. मंगलच्या घरात मासा शिजत नाही. समुद्राच्या इतक्या जवळ राहून मासा न खाणारं ते बहुधा एकमेव कुटुंब असेल. म्हणून मी स्टँडजवळच्या खानावळीत आधी पापलेटची थाळी मागवली. तांदळाची भाकरी, तिखट रस्सा, तव्यावरचं पापलेट आणि वर सोलकढी. थाळी महाग आहे, पण पापलेट इथलं आहे, बर्फातलं नाही. वाढणाऱ्या बाईंनी मी काटे कसे चोखते ते बघून न मागता आणखी रस्सा वाढला. हात तीनदा धुतले, बडीशेप खाल्ली आणि बोईसरची एसटी पकडली. मंगलनं दार उघडलं, मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पापलेट ना?"

बोईसर हे काही फिरायला जायचं गाव नाही, खोटं कशाला बोलू. ट्रक, धूळ, कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ताभर डबे घेतलेली माणसं, हिंदीत चाललेली घासाघीस, आणि वारा फिरला की नाकाला झोंबणारा वास. पण मंगलच्या गॅलरीत चार कुंड्या, एक झोपाळा आणि खाली भेळवाला आहे. चहा घेऊन तिथं बसलं की बरं वाटतं.

चहा झाल्यावर तिनं पिठाच्या जुन्या डब्यातून ती जोडी काढली. काय सांगू! नवरीची मुंडावळ माझ्या तळहातावर ठेवली तर पाण्यासारखी पसरली. साबुदाण्याएवढे पांढरे मोती, त्यात लाल फुलं, प्रत्येक फुलाच्या मध्ये हिरवा मणी, दोन्ही बाजूंना गालापर्यंत येणारे सर आणि टोकाला गोंडे. एक फूल दुसऱ्यापेक्षा कणभर कमीजास्त नाही. नवरदेवाची तशीच, पण कपाळाच्या मध्यापर्यंत येऊन थांबलेली. पुढे तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्याची, दोन टोकं मोकळी लोंबत होती.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. तंगूसला दोन टोकं. दोन्हींत मणी ओवायचे, शेवटच्या मण्यातून दोन्ही टोकं एकमेकांविरुद्ध दिशेला बाहेर काढायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. ओढ दोन्हीकडून सारखी बसली की फूल मिटतं. एक हात सैल पडला की फूल तोंड वाकडं करतं. मंगलचा डावा हात म्हणजे गेलं अर्धं काम. तिनं टोक दातात धरून पाहिलं होतं, नवऱ्याला धरायला लावून पाहिलं होतं. भावजींनी इतक्या जोरात ओढलं की मणी फुटला.

ऋचा संध्याकाळी कामावरून आली. पोर गुणी आहे, पण आजकालची आहे. मला बाजूला घेऊन सांगू लागली की मावशी, बाजारात छान तयार जोड्या मिळतात, मी आईला म्हटलंही, पण ती नुसती मान हलवते आणि उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्ही समजवा. मी तिला म्हटलं, समजवायला नाही आले, पुरी करायला आले.

दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच मी बसले. मंगल समोर झोपाळ्यावर. तिनं एकच गोष्ट बजावली, आणि ती हसत हसत, म्हणून मी फारशी मनावर घेतली नाही: "शुभे, जोडी एका हाताची असते हं." हा तिचा नेम आहे. नवरा-नवरीची जोडी एकाच हातानं विणायची, मध्ये दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. कुणी शिकायला आलं तरी ती वेगळा नमुना काढून देते, चालू जोडीला बोट लावू देत नाही. त्या दिवशी तिनं स्वतःच ती माझ्या हातात दिली होती, यावरून तिचं किती अडलं असेल ते ओळखा.

मी मनापासून विणलं. दुपारच्या जेवणापर्यंत अर्ध्याहून पुष्कळ पुढे गेले. मग मोठ्या ऐटीत दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, फूल मोजून फुलाला लावलं, आणि माझं तोंड उतरलं. तेवढ्याच फुलांत माझी बाजू दोन बोटं लांब भरत होती. नुसती लांब नाही, किंचित लाटही आली होती. मंगलच्या बाजूला पट्टी सरळ, माझ्या बाजूला नागमोडी. मी पहिलं फूल सोडून सगळं उसवलं, पुन्हा विणलं, घट्ट ओढून विणलं. लाट गेली आणि पट्टी पिळली.

"दोऱ्याचा दोष आहे," मी जाहीर केलं. मंगलचा तंगूस संपत आला होता म्हणून मी नाशिकहून माझा नेलेला, आणि तो कणभर जाड असणार, दुसरं काय? मंगलनं भेळ मागवली.

संध्याकाळी आम्ही बोईसरचा बाजार पालथा घातला. कटलरीची दुकानं, टिकल्याबांगड्यांची दुकानं, हार्डवेअर सुद्धा. एका दुकानदारानं आमचा तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाला, "दीदी, ये तो मछलीवाला है, इधर नहीं मिलेगा." तेव्हा मंगलनं सांगितलं की हा तंगूस ती पहिल्यापासून मुरब्याच्या हिराबाईकडून आणते. हिराबाई म्हणजे तिच्या दारावर भाजीबरोबर सुके मासे विकायला येणारी कोळीण, मंगल तिच्याकडून मासे सोडून बाकी सगळं घेते. जाळ्यासाठी आणलेल्या रिळातून ती मंगलला थोडा काढून देते. मी कपाळाला हात लावला. हे सकाळी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तुला बाजार बघायचा होता ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुरब्याला, त्या कोळ्यांच्या गावाला निघालो; बोईसरहून तिथं शेअर रिक्षा जातात. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाई असेल त्यानं जादा सीटचे पैसे देऊन मोकळं व्हावं. कारखाने मागे पडले की ताडाची झाडं लागतात, मग खाजणं, मग खारा वारा. रिक्षावाल्यानं आम्हाला थेट किनाऱ्यापर्यंत नेलं. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत लटकलेले, आणि खाडीपलीकडे सातपाटी दिसत होतं. मंगलनं नाकाला पदर लावला. मी पोटभर श्वास घेतला.

हिराबाई घराच्या पडवीत जाळं सांधत बसली होती. हे काम जास्त करून पुरुषच करतात, पण तिचा नवरा होडीवर होता आणि जाळं उद्या लागणार होतं. पाठ भिंतीला टेकवलेली, दोन्ही पाय पसरलेले, उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा फाटका कोपरा अडकवलेला. पाय पुढे सरकवला की जाळं ताणलं जायचं, मागे घेतला की सैल. हातातली सुई एकीकडे चाललीय, तोंड दुसरीकडे चाललंय. आम्हाला बघून उठायचं नावही घेतलं नाही तिनं. बसल्या बसल्या सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि मंगलच्या हाताची चौकशी केली.

मी लगेच तंगूसचं काढलं. हिराबाईनं मान हलवून कोनाड्यातलं रीळ दाखवलं, मी उठून घेतलं, माझ्या नाशिकच्या दोऱ्याशी ताडून पाहू लागले. उन्हात धरलं, बोटात धरलं. जाडी सारखीच वाटत होती, पण मी हार मानणारी नाही. मी हिराबाईला विचारत होते की हा किती वजन पेलतो, आणि ती सांगत होती.

बघते तर मंगल हिराबाईच्या पायाकडे टक लावून बसलेली. पदर नाकावरून कधीच सुटला होता.

"हिराबाई," ती म्हणाली, "पायानं ओढलं तर जास्त ओढलं जात नाही का?"

हिराबाईला प्रश्नच कळला नाही आधी. तिनं कुणाला हे कधी शिकवलंही नसावं, चालायला शिकवतात का कुणी? मग हसली. "आमी लानपनापासून असाच करतो. अंगठ्याला कलतं ना किती वडायचा ते." आणि मंगलनं हात पुढे केला, तर तिनं जाळं अंगठ्यातून काढून खाली ठेवलं. "बस. करून बग. पाय तुजा हाय ना?"

मंगल बसली. आमची मंगल, जी लोकांपुढे पायातली जोडवीसुद्धा झाकून घेते, ती त्या पडवीत भिंतीला टेकून पाय पसरून बसली. पिशवीत तिच्याकडे उरलेले मणी होतेच, ते कायम असतात. हिराबाईच्या रिळाचा तुकडा कापला, एका हातानं मणी ओवले, दोन्ही टोकं मण्यातून उलटसुलट काढली. मी पुढे होऊन टोक धरणार तोवर तिनं माझा हात बाजूला केला. एक टोक अंगठ्याला दोन वेढे देऊन गुंडाळलं, दुसरं उजव्या हातात घेतलं आणि पाय हळूच पुढे सरकवला.

पहिलं फूल वाकडं झालं. दुसरंही. तिसऱ्याला तिनं वेढा बदलला, अंगठ्याऐवजी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात टोक धरलं. डाव्या तळव्यानं नुसतं वरून दाबून ठेवलं, तेवढं त्या हाताला जमतं. आणि फूल मिटलं. अगदी तिच्या हातचं फूल. हिराबाईची सून चहाचे पेले घेऊन उभी होती, तिलासुद्धा काहीतरी झालंय हे कळलं. मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही राहवलं नाही. हिराबाई एकटी शांत होती. म्हणाली, चहा गार होतो.

निघताना तिनं तंगूसचे पैसे घेतले, पण वर मला सुकटीची पुडी दिली आणि मंगलकडे बघत म्हणाली, हिच्या घरात उघडू नको. परतीच्या रिक्षात ती पुडी माझ्या पिशवीत तीन पिशव्यांच्या आत होती, तरी पुढच्या सीटवरच्या माणसानं दोनदा मागे वळून पाहिलं.

रिक्षा ताडांमधून चालली होती तेव्हा मी मंगलला विचारलं, "म्हणजे दोरा तोच होता?"

"तोच होता गं. हात तुझा होता." मग म्हणाली, "तुझा हात वाईट नाही, शुभे. तुझा सैल आहे. तू गप्पा मारत विणतेस."

मला थोडं लागलं, खोटं बोलणार नाही. इतक्या लांबून एसटीनं आले, दिवसभर मान मोडून बसले, आणि माझी अर्धी पट्टी कामाची नाही. जगातल्या दोऱ्यांवरचं माझं भाषणही राहूनच गेलं. पण त्या रिक्षात मंगल सारखी पायाचा अंगठा हलवून बघत होती, लहान पोरीसारखी, आणि मला रागवायला जमेना. मी म्हटलं, "माझं सगळं उसवून टाक. एकही फूल ठेवू नको. जोडी एका हाताची हवी." ती म्हणाली, "बघते."

संध्याकाळी भावजी आम्हा दोघींना चिंचणीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. बोईसरला गेलात तर हे चुकवू नका. सुरूच्या झाडांतून वाट आहे, वाळू काळसर आणि घट्ट, चालायला उत्तम. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, मधल्या वारी तुम्ही आणि कावळे. गरम कांदाभजी आणि शहाळं घेऊन आम्ही बाकावर बसलो. मंगलनं चप्पल काढून वाळूत पाय खुपसले होते. भावजींना तिनं सगळं सांगितलं, पडवी, जाळं, अंगठा. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. मग मला म्हणाले की ताई, दिवाळीपासून ही घरात कमी बोलत होती, आज भजी थंड झाली तरी हिचं संपेना.

शेवटच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते आणि बाहेरच्या खोलीतून ताटलीत मणी पडल्याचे आवाज येत होते. टप, टप, टप. मंगल माझं विणलेलं उसवत होती. मी मुद्दाम बाहेर गेले नाही, सुकटीची पुडी साड्यांच्या तळाशी नीट दडवत बसले. थोड्या वेळानं आवाज थांबला. निरोप घ्यायला गेले तर ती जमिनीवर चटई टाकून भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेले, मांडीवर मुंडावळ, आणि ऋचा ऑफिसला जायची पर्स खांद्याला लावून दारात उभी राहून बघत होती. पोरीला उशीर होत होता. ती म्हणाली, "मावशी, मी बाजारचं म्हणाले होते ते आईला नका आठवण करून देऊ." मंगल म्हणाली, मला ऐकू येतं. मला दारापर्यंत सोडायला ती उठली नाही, पाय अडकला होता ना. बसल्या जागेवरून उजवा हात हलवला.

परतीची एसटी दुपारी मिळाली. जव्हारनंतर झोप लागली ती त्र्यंबकलाच उघडली. घरी आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, झाली का पुरी? मी म्हटलं, होतेय. दुसरा प्रश्न त्यांनी वास घेत विचारला, आणि रात्रीच्या जेवणाला सुकटीची चटणी झाली.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. त्याचं वर्णन करत नाही, लग्न लग्नासारखं झालं, जेवण छान होतं, जिलबी कुरकुरीत होती. अक्षता टाकताना मी पुढे घुसून पाहिलं. दोघांच्या कपाळावर जोडी अगदी एकसारखी. लोक ऋचाची साडी बघत होते आणि मी पट्ट्यांची लांबी. हिराबाई आली होती, मोठं कुंकू, दोन्ही हातांत बांगड्या, पहिल्या रांगेत बसलेली. मंगलनं तिला आणि मला शेजारी शेजारी बसवून खण दिला.

घरी आल्यावर ऋचानं फोटो पाठवले. ह्यांच्या मोठ्या फोनवर मी ते एकेक करून बघत होते, आणि सवयच आहे मेली, मुंडावळीवर बोटांनी मोठं करून बघत होते. नवरीची बघून झाली. मग नवरदेवाची. फेट्याखाली, बरोबर कपाळाच्या मध्यावर, एक फूल बाकीच्यांपेक्षा जरासं सैल होतं. फार नाही. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. पण मला माझा हात ओळखता येतो. मंगलची निम्मी पट्टी जिथं थांबली होती, तिथलंच ते पहिलं फूल, मी पहिल्या सकाळी विणलेलं.

मी तिथल्या तिथं फोन लावला. "मंगल, ते मधलं फूल माझं आहे."

"कुठलं?"

"नवरदेवाच्या कपाळावरचं. मी सांगितलं होतं ना, सगळं उसव म्हणून?"

"राहिलं असेल," ती म्हणाली.

शाळेत असल्यापासून बघतेय, मंगलचं उसवायचं कधी काही राहिलेलं नाही. मी म्हटलं, "जोडी एका हाताची असते, हे तूच म्हणतेस."

"असतेच," ती म्हणाली. पलीकडे ताटलीत मणी हलल्याचा आवाज आला. "आता ठेव फोन, शुभे. खालच्या मजल्यावरच्या पोरीचं वैशाखात लग्न आहे आणि माझा पाय अडकलाय."